मुरली, तुझ्या वाटणीची राखण

मुरली,

आणखी वीस दिवस थांबला असतास तर काय बिघडलं असतं?

उंबरपाणीच्या सभेला तू येणार होतास. मीही येणार होतो. सगळ्या गावासमोर, तुझ्या डोळ्यांत बघून बोलायचं असं मी ठरवलं होतं. जळगावात रोज सकाळी मेहरूणच्या तलावाला चक्कर मारताना ती वाक्यं मी मोठ्याने म्हणून बघायचो. फिरायला आलेली माणसं, म्हातारा बिघडला म्हणून, बाजूने निघून जायची. आणि तू केळीच्या बागेत, पाटाच्या पाण्यात हात धुता धुता गेलास. दुखणं नाही, खाट नाही. शाळेतही तुझं असंच होतं. मारामारी सुरू करायचास तू, आणि मास्तर येईपर्यंत तू पहिल्या बाकावर पुस्तक उघडून बसलेला असायचास. छडी माझ्या हातावर पडायची.

तू गेल्याचं कळलं तेव्हा मी आधी रडलो. मग इतका चिडलो की फैजपूरला पोचेपर्यंत गाडीत कुणाशी बोललो नाही. तुझ्या अंगणात मंडप होता, आणि सगळे तुला वृक्षमित्र म्हणत होते. पेपरवाल्याने सातपुड्याला हिरवा शालू नेसवणारा माणूस असं लिहिलं होतं. तुझा राजेंद्र माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला आणि तेराव्याला मला म्हणाला, "काका, स्मरणिका काढतोय. भाऊंचे सगळ्यात जुने मित्र तुम्ही. दोन-चार पानं लिहा. तुमच्याइतकं त्यांना कुणी ओळखत नाही."

हे त्याने खरं सांगितलं. म्हणून लिहितो आहे. राजेंद्रला हा लेख देणार आहे, पण एक प्रत आधी जळगावच्या दैनिकाकडे जाईल. पोरगा बापावर गेला असेल तर स्मरणिकेत माझं पान सापडणार नाही, एवढं मला कळतं.

ज्यांना तो डोंगर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, उंबरपाणी नावाचं तडवी भिल्लांच्या वस्तीचं गाव आहे. गावामागचा डोंगर मी वनपाल म्हणून तिथे गेलो तेव्हा बोडका होता. खोडं तेवढी राहिली होती, कंबरेच्याही खाली तोडलेली. त्या गावात जैनूबाई तडवी नावाची बाई होती. तिला सगळे आक्का म्हणत. विहिरीचं पाणी होळीच्या आधीच तळाला जायला लागलं तेव्हा तिने बायकांना गोळा केलं आणि सांगितलं की आता डोंगरावर कुऱ्हाड न्यायची नाही, बकरी न्यायची नाही. वाळलेलं लाकूड मोळीपुरतं आणायचं, तेही राखणीला असेल त्या बाईनेच, आणि मग वाटून घ्यायचं.

राखणीची रीत अशी होती. मेलेल्या बैलाच्या गळ्यातली एक पितळी घंटी होती. ज्या घराची बारी, म्हणजे पाळी, त्या घरच्या बाईने ती कमरेला बांधायची आणि दिवसभर डोंगरावर हिंडायचं. खाली गावाला घंटी ऐकू यायची. वाजायची थांबली की गावाला कळायचं, बाई सावलीत झोपली. मग खालून शिव्या सुरू व्हायच्या. आणि कुणी ओलं लाकूड तोडलं तर त्याला दंड पैशाचा नाही. जैनूबाई म्हणायची, पैसा टाकला की माणूस मोकळा होतो आणि परत तोडतो. दंड एकच होता. महिनाभर घंटी बांधून रोज राखण करायची. त्या महिन्यात सकाळी विहिरीवर कुणीतरी विचारायचं, "आज कोनी बारी शे?" आणि सगळ्या मिळून तोडणाऱ्याचं नाव घ्यायच्या. एवढ्या मोठ्याने की त्याला वर डोंगरावर ऐकू जावं.

पाच-सहा पावसाळ्यांत त्या तोडलेल्या खोडांना फुटवे आले, त्या फुटव्यांची झाडं झाली. अंजन, सालई, धावडा, मोह. सरकारने एक रोप दिलं नव्हतं. कुणाचं पैचंही अनुदान नव्हतं. एक घंटी होती.

मग तू आलास, मुरली.

तुझी संस्था निघाली ते दिवस आठवतात. परदेशातून वनीकरणाला पैसा येत होता आणि तू हुशार होतास. शेजारचा डोंगर तुझ्या संस्थेला रोपं लावायला मिळाला. तू सुबाभूळ लावलीस, निलगिरी लावलीस. खड्डे छान होते, फलक छान होता. पहिल्याच उन्हाळ्यात सगळं वाळलं, कारण पाणी घालायला आणि बकऱ्या हाकायला माणूस लागतो, आणि फोटो काढून झाल्यावर तुझी माणसं फैजपूरला परत यायची. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी पैसे देणारे पाहुणे बघायला येणार म्हणून तार आली.

तुझ्या बागेत त्या दिवशी भरीत होतं. तुझ्या हातचं. काडीकचऱ्याच्या जाळात वांगी भाजायला तुझ्यासारखा माणूस मी पाहिला नाही, हेही याच लेखात लिहून ठेवतो. कळण्याची भाकरी, कांद्याची पात, वर तेल. आपण दोघंच केळीच्या सावलीत बसलो होतो. मी म्हटलं, "मुरली, आता काय दाखवणार? काड्या?"

तू बोटं चाटत म्हणालास, "वश्या, डोंगर कोनाचाबी असो, दाखोनारा पाह्यजे."

"म्हणजे?"

"म्हंजे गाडी डावीकडे वयवायची. उजवीकडे मह्या काड्या, डावीकडे त्या आक्काचं जंगल. पाहुण्याईले काय माहीत?"

मी हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं. मी विरोध केला असं मी पुढे कितीतरी वर्षं मनाशी म्हणत होतो, पण नाही, मी आधी हसलो. मग म्हटलं, "हे बरोबर नाही." आणि तू मला जे ऐकवलंस त्यावर आपलं भांडण कधी संपलंच नाही. तू म्हणालास, की जंगल वाचवायला पैसा लागतो, पैसा यायला काहीतरी दाखवावं लागतं, आणि आलेल्या पैशातून उद्या आणखी दहा डोंगर होतील. तेव्हा आजचा एक डोंगर उधार घेतला म्हणून काय झालं? मी म्हटलं, पैशाला जंगल लागतं दाखवायला, जंगलाला तुझा पैसा लागला नाही. तू म्हणालास, "तुह्या त्या आक्काले पैसा देऊन पाह्य, घेते का नाही." त्याचं उत्तर मला आज सुचतं आहे. तिला विचारलंस कधी?

पाहुणे आले. गाडी डावीकडे वळली. मी गणवेशात तुझ्या शेजारी उभा होतो. खात्याचा माणूस शेजारी उभा राहून मान हलवतोय म्हटल्यावर पाहुण्यांना दुसरा पुरावा कशाला हवा होता? ते तोंडात बोटं घालून झाडं बघत होते. त्या दिवशी बारी जैनूबाईचीच होती. ती झाडीतून घंटी वाजवत बाहेर आली. पाहुणीने तिचा फोटो घेतला आणि विचारलं, ही घंटी कशासाठी? तू पापणी न हलवता सांगितलंस, बिबट्याला पळवून लावायला. सगळे हसले. जैनूबाईला इंग्रजी कळत नव्हतं, तीही हसली. तो फोटो तुझ्या अहवालावर छापून आला आणि अनुदान तिप्पट झालं.

इथवर मी तुला कदाचित माफ केलं असतं. फसवलेले पाहुणे आपापल्या देशी गेले, झाडं जागेवर होती. पण पुढच्या खेपेला पाहुण्यांनी कळवलं, की यावेळी आम्ही गावातल्या बायकांशी स्वतः बोलणार, आमचा दुभाषी आणणार. आणि तू घाबरलास. तुला घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. तू माझ्या घरी आलास, मेहरूणला, चहा घेतला नाहीस, आणि म्हणालास की ती बाई चोर ठरली पाहिजे. चोराच्या बोलण्याला कोण विचारतो?

आता सुशीलाबद्दल लिहितो, कारण न लिहिणं लबाडी होईल. या सगळ्याच्या आधी माझी बायको दुखण्याने अर्धी झाली होती तेव्हा तू तिला तुझ्या गाडीत घालून जळगावच्या दवाखान्यात आणलंस. मी दौऱ्यावर होतो. डॉक्टरांपुढे तू तिचा भाऊ म्हणून उभा राहिलास. मी पोचलो तेव्हा तू बाकावर बसून होतास, अंगावरचा शर्ट तिने ओकलेल्या रक्ताने भरलेला, आणि मला बघून म्हणालास, "बोंबलू नको, वाचली ती." ती त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. तिच्या प्रत्येक दिवसासाठी मी तुझा ऋणी आहे, आणि ते ऋण तू एका वाक्यात वसूल केलंस. "वश्या, मी कधी काही मागितलं का तुले?" एवढंच म्हणालास. मला बढतीची आशा होती, वरच्या साहेबाची तुझ्याकडे ऊठबस होती, तीही भीती होती. पण तू ते काही बोलला नाहीस. तू सुशीला स्वयंपाकघरात असताना ते वाक्य बोललास.

मी गेलो. जैनूबाई वाळल्या लाकडांची मोळी डोक्यावर घेऊन डोंगर उतरत होती. कमरेला घंटी. मी तिला अडवलं. तिला वाटलं मी गंमत करतोय. म्हणाली, "काय राऊंडसायेब, भाकर खाल्ली का?" मी म्हटलं मोळी खाली टाक. मग मोळी उतरवून ती म्हणाली, "सायेब, हाई वायेल लाकूड शे. बठ्ठा गावले माहीत शे. आनि घंटी बांधीसन कोनी चोरी करस का?"

लाकूड वाळलेलं होतं, सगळ्या गावाला माहीत होतं, आणि घंटी असेपर्यंत ती चोर ठरत नव्हती, मुरली. म्हणून मी घंटी तिच्या कमरेची सोडून घेतली. पंचनाम्यात कोयता लिहिला, मोळी लिहिली. मोळीत एक ओली फांदी घालून घेतली, तीही लिहिली. घंटी लिहिली नाही.

चोपड्याच्या कोर्टात तिने तेच सांगितलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघून विचारलं, "घंटी कुठे आहे?" मग मला विचारलं, "वनपाल, पकडलं तेव्हा आरोपीच्या अंगावर घंटी होती का?"

मी म्हटलं, "नव्हती, साहेब."

शिक्षा अगदी मामुली झाली. कोर्ट उठेपर्यंत कोपऱ्यात बसून राहायचं. ती भिंतीला टेकून बसली, गुडघ्यांना हाताची मिठी घालून. संध्याकाळी कोर्ट उठलं, ती उठली, पदर झटकला आणि गावी गेली. बाहेर पानाच्या टपरीवर तू मला म्हणालास, "पाह्य, कोनाचं काही गेलं का?"

काय गेलं ते सांगतो. उंबरपाणीच्या बायकांनीच केलेला नियम होता, की चोर ठरलेल्याला पुन्हा स्वतःच्या बारीची घंटी बांधता येत नाही, आधी दंडाचा महिना भरल्याशिवाय. आणि जैनूबाई दंड भरायला तयार नव्हती. दंड भरणं म्हणजे चोरी कबूल करणं. ती म्हणाली, मी चोर नाही, मी भरणार नाही. गाव म्हणालं, कोर्टाने सांगितलं आहे, आम्ही काय करू? तिनेच घडवलेल्या नियमाने तिला बाहेर काढलं. इतकी वर्षं ती त्या डोंगरावर गेली नाही. दुसऱ्या बायकांनी दुसरी घंटी शोधली, पण मधले दोन उन्हाळे कुणी राखण केलीच नाही. त्या दोन उन्हाळ्यांत तुझ्या संस्थेचा पगारी राखणदार होता, आणि डोंगराची खालची कड मागे सरकली. त्या वर्षी तुझ्या बागेत केळीच्या घडांना जे टेकू होते ते धावड्याचे होते, मुरली. मी वनपाल होतो. साल काढलेलं लाकूडही मी ओळखतो. मी त्या टेकूंखालून वाकून तुझ्याकडे भरीत खायला आलो, आणि खाल्लं.

तुझ्या बाजूनेही एक गोष्ट आहे. एका लाकूडठेकेदाराने त्या डोंगरावर डोळा ठेवला होता तेव्हा तुझा फलक तिथे होता म्हणून तो मागे फिरला. तू मंत्र्यांपर्यंत गेलास. ते तू केलंस. पण आपल्या म्हशीसाठी कोणीही भांडतं. तुझं जंगल तेवढंच होतं. बाकी सगळ्या तुझ्या काड्या होत्या.

आता नवा सरकारी ठराव आला. ज्या गावाने जंगल राखलं, त्या गावाच्या समितीला ते सांभाळायला द्यायचं, उत्पन्नात वाटा द्यायचा. पैसाही यापुढे समितीकडे. तुझ्या संस्थेने लगेच अर्ज केला: डोंगर आम्ही उभा केला, समितीही आमचीच असावी. त्यासाठीच ती सभा होती. गावाकडे सांगायला काय होतं? बायकांचं तोंडी बोलणं, आणि पुढारी बाई शिक्षा झालेली जंगलचोर. निकाल ठरल्यासारखा होता. तू मला निरोप पाठवला होतास, "वश्या, सभेला ये. नुसता उभा राह्य. पह्यल्यासारखा."

मी आलो. तू नव्हतास. तुझ्या खुर्चीवर हार घातलेला फोटो होता आणि शेजारी राजेंद्र. तो डोंगराला तुझं नाव द्यावं म्हणून पाटीसुद्धा रंगवून घेऊन आला होता. मी पिशवीतून घंटी काढून टेबलावर ठेवली. लोलकाला मी चिंधी गुंडाळून ठेवली होती, घरात चुकून वाजू नये म्हणून. सुशीलाला कधी कळू नये म्हणून. ती गेल्यावरही काढली नव्हती.

मग सगळं सांगितलं. डावीकडे वळलेली गाडी, बिबट्या, ओली फांदी, "नव्हती, साहेब". सभेला आलेला तरुण अधिकारी माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "काका, हे लिहून घेतलं तर तुमच्यावरही शेकेल. खोटी साक्ष आहे ही." मी म्हटलं, लिहा. राजेंद्र उठून ओरडला, "काका, भाऊंची राख अजून गार झाली नाही!" मी म्हटलं, म्हणूनच आज सांगतोय, गार झाल्यावर काय उपयोग?

अधिकाऱ्याने लिहिलं: राखण गावाची. संस्थेचा अर्ज बाजूला पडला. तुझी पाटी राजेंद्रने गाडीत परत घातली.

मला वाटत होतं जैनूबाई रडेल, नाहीतर माझ्या तोंडावर थुंकेल. ती आता माझ्याइतकीच म्हातारी झाली आहे. ती पुढे आली, घंटी उचलली, तिच्या आत बघितलं आणि नखाने ती चिंधी ओढून काढली. मग मला म्हणाली, "मुरलीभाऊ मरी गया म्हनीसन तुले याद उनी का?"

मी म्हटलं, आक्का, तो जिवंत असतानाच सांगणार होतो.

"असं बठ्ठाच सांगतस," ती म्हणाली.

मी म्हटलं, माझ्याकडून काय भरपाई घ्यायची ती घे. पेन्शन आहे. ती हसली. गावाकडे वळून म्हणाली, "पैसा देस म्हनस." बायकाही हसल्या. मग तिने घंटी माझ्या हातात दिली. "महिनाभर बारी कर. नियम शे."

कुणीतरी म्हातारा म्हणाला, "आक्का, ह्या वयमा वसंतनाना डोंगर चढतीन का?"

"लेखनी चालनी, मंग पाय बी चालतीन," ती म्हणाली. आणि मग, तुझ्या फोटोकडे बघून, "आनि त्याना महिना कोन करी?"

सगळे फोटोशेजारच्या खुर्चीकडे बघायला लागले. राजेंद्र तोवर निघून गेला होता. मी म्हटलं, मी करीन. माझा झाला की त्याचा.

मुरली, मी उंबरपाणीच्या शाळेच्या पडवीत राहतो आहे. भाकर जैनूबाईच्या घरून येते, तीच पाठवते, बोलत नाही. सकाळी घंटी बांधून चढतो, दमलो की बसतो, आणि बसलो की खालून शिव्या येतात. रोज विहिरीवर बायका विचारतात, "आज कोनी बारी शे?" आणि सगळ्या मिळून ओरडतात, "वसंतनानानी!" मला वर ऐकू येतं. पहिल्या दिवशी कान जळाले. आता सवय झाली आहे.

माझा महिना संपला की तुझा सुरू होईल. तुझा संपला की जैनूबाई घंटी बांधेल, स्वतःची. तिने ते गावाला सांगून ठेवलं आहे.

तुला तुझं नाव त्या डोंगराला लागायला हवं होतं ना? लागेल. रोज सकाळी, विहिरीवरून, बायकांच्या तोंडून, महिनाभर. मी घंटी थांबू देणार नाही.